मावशीची घडी आणि मोठ्या सरांचं पर्यावरण

भूलतज्ज्ञाकडे किस्से फार साचतात. थिएटरमध्ये ज्याचं ऑपरेशन असतं तो झोपलेला असतो, सर्जनचे हात अडकलेले असतात, आणि आम्ही मॉनिटरकडे बघत सगळ्यांचं ऐकत बसतो. मी मूळचा अमरावतीचा, नोकरी अकोल्यात. शनिवारी घरी जाताना एसटीत शेजारी कोणी ओळखीचं भेटलं की बडनेरा येईपर्यंत माझा आठवड्याचा साठा संपतो.

पण गेल्या वर्षभरातला साठा वेगळाच आहे. आमचे मोठे सर, म्हणजे सर्जन आणि हॉस्पिटलचे मालक, कुठल्याशा कॉन्फरन्सहून परत आले आणि म्हणाले, "आपलं थिएटर पर्यावरणाला घातक आहे." लगेच एक समिती झाली आणि तिचा प्रमुख मी, कारण बाकीच्यांचे हात अडकलेले होते.

*

पहिला हुकूम निघाला: ऑपरेशन नसेल तेव्हा थिएटरचा एसी बंद. मे महिना होता. आमचा अटेंडंट गजाननभाऊ शब्दाचा पक्का, त्यानं भर दुपारी बटण दाबलं.

दहा मिनिटांत थिएटरच्या दारातून एकेक जण बाहेर यायला लागला. आधी लॅबवाला, मग फार्मसीवाला, मग दोन सिस्टर, आणि सगळ्यात शेवटी काखेत उशी घेतलेले खुद्द मोठे सर.

"कोणी बंद केला?" सरांनी विचारलं.

गजाननभाऊ म्हणाला, "तुमीच त सांगतलं होतं साहेब, पेशंट नसन त बंद करजो."

*

मग सेन्सरचे दिवे आले. हालचाल थांबली की विझतात. मी डॉक्टर्स रूममध्ये नोट्स लिहायला बसलो की अंधार व्हायचा, हात वर करून हलवला की उजेड. खोलीचं दार काचेचं आणि समोरच कँटीन.

तासाभरात कँटीनवाल्यानं चार चहा आणून ठेवले. पाचवा आणला तेव्हा मी म्हणालो, "अहो, मी बोलावलंच नाही."

"मघापासून हात हालवून राहिले ना डाक्टरसाहेब?"

मी त्याला वीजबचतीचं सगळं नीट समजावलं. त्यानं पाचही कपांकडे पाहिलं. "मंग माह्या शेगडीचा गॅस जाऊन राहिला, त्याचं काय?"

मी समितीच्या वहीत हा मुद्दा लिहून ठेवला.

*

गॅसवरून आठवलं. भूल द्यायचा एक गॅस आम्ही वापरत होतो, तो पेशंटच्या श्वासातून शेवटी बाहेर हवेत जातो आणि पृथ्वी तापवतो, हे मला या वयात कळलं. नवं नवं कळलं होतं, त्यामुळे मी दिसेल त्याला सांगत सुटलो होतो.

जुन्या शहरातले एक फुलवाले वडिलांना ऑपरेशनसाठी घेऊन आले. त्यांनाही मी सांगितलं, "तो गॅस आम्ही आता बंद केलाय, त्यानं वातावरण तापतं."

ते सही करता करता थांबले. "म्हंजे अकोल्याचा उन्हाळा तुमी करून राहिले होते का? अन् आमी इतके वर्स देवाले बोल लावून राहिलो."

*

आता वच्छलामावशी. तिच्याशिवाय हे सगळं अपुरं आहे.

मावशी वीस-बावीस वर्षं थिएटरचं कापड सांभाळायची. रक्ताचे गाऊन आणि चादरी धुवायच्या, फाटलं ते शिवायचं, घडी घालून वाफेच्या मशीनमध्ये निर्जंतुक करायला द्यायचं. मग कागदी गाऊन आले, एकदा वापरा आणि फेका. लिनन रूमला कुलूप लागलं आणि मावशी कचऱ्याच्या डब्यांवर गेली.

पुण्याहून एक तज्ज्ञ मॅडम पाहणीला आल्या. कोणता कचरा कोणत्या रंगाच्या डब्यात, ही त्यांनी आमची परीक्षा घेतली. मी नापास, मोठे सरही नापास. शेवटी त्या मावशीकडे वळल्या.

मावशी म्हणाली, "रिकामं खोकं असन त काळ्यात. रगत लागलेला कापूस असन त पिवळ्यात. अन् डाक्टरनं टाकलं असन त पह्यले उचलून पाहा लागते."

*

त्याच मॅडम जाताना म्हणाल्या, "कापडी गाऊन परत आणा, किती कचरा करता!" मावशीनं त्याच दिवशी लिनन रूम झाडून काढली.

पण अकोल्यात नळ रोज कुठे येतो? कागद वापरला तर कचरा, कापड वापरलं तर पाणी. मोठे सर सोमवारी कापड म्हणायचे आणि गुरुवारी कागद. मला विचारलं की मी म्हणायचो, "सर, दोन्हीत तथ्य आहे." खरं म्हणजे मला काहीच कळत नव्हतं.

मावशीचं मात्र सरळ होतं. डब्यांचं काम दिवाळीनंतर एजन्सीकडे जाणार होतं. कापड राहिलं तर ती राहणार, नाहीतर घरी. तरी ती रोज नव्या पूजा सिस्टरला गाऊनची घडी शिकवायची. गाऊन उलटा घडी करावा लागतो, म्हणजे घालणाऱ्याचा हात फक्त आतल्या बाजूला लागतो. पूजाची घडी रोज चुकायची.

एकदा मावशीनं मला जिन्यात अडवलं. "डाक्टरसाहेब, काय ते एक सांगा ना. लिनन रूमची किल्ली माह्याजवळ ठेवू, का वापस देऊ?"

"सरांना विचारून सांगतो," म्हणत मी जिना उतरलो.

*

आणि मग मावशीच्याच पित्ताशयात खडे निघाले. मोठे सर म्हणाले, मीच करणार.

मावशी टेबलावर आडवी झाली. इतकी वर्षं थिएटरमध्ये काढून छताचा दिवा तिनं पहिल्यांदाच खालून पाहिला, असं म्हणाली. मी भुलीचा मास्क हातात घेतला होता. तेवढ्यात ट्रॉलीवर पाकीट फाडल्याचा फर्र आवाज झाला. कापडाच्या बंडलाचा असा आवाज होत नाही. मावशीनं मान वळवली.

"काय हाय ते?"

सर प्रेमानं म्हणाले, "मावशी, तुमच्यासाठी खास मागवलंय. एकदम कोरं."

मावशीनं तो निळा कागदी गाऊन पाहिला. मग म्हणाली, "मंग मी धुतलेलं कोनासाठी होतं साहेब?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. 'दोन्हीत तथ्य आहे' माझ्या तोंडाशी आलं होतं, ते मी गिळलं.

"पूजा सिस्टर," सर म्हणाले, "कपाटातला कापडाचा बंडल काढा."

पूजा कपाटाकडे गेली. मी मास्क खाली आणला, तर मावशीनं तो हातानं बाजूला सारला आणि मान उचलली.

"वरचा नोको व बाई, खालचा घे. वरची घडी तुह्यी हाय."