उद्घाटनाची किक

किस्से सांगायला म्हणून आमच्यात कुणी बसत नाही. आम्ही बसतो ते गोलाची जाळी गुंडाळायला. आर्णीची आमची फुटबॉल स्पर्धा संपली की ओली जाळी सोडवायची, वाळवायची, घडी घालायची, आणि ती अशी काही गुंतते की तासभर हात मोकळे होत नाहीत. तोंड मात्र मोकळंच असतं! दरवर्षी एखादा नवा किस्सा त्या जाळीत सापडतो. जुने तर तिथून कधी निघालेच नाहीत.

मंडळी तीन. गजूभाऊ बियाण्या-खताचं दुकान चालवतात आणि स्पर्धेचे सचिव आहेत. सलीमभाई माईकवर कॉमेंट्री करतात. आणि मी विनायक, रेफरी. पोटापाण्यासाठी पंचायत समितीत लिपिक. म्हणजे दोन्हीकडून गप्प! सरकारी नोकरानं राजकारणावर बोलायचं नाही, आणि रेफरीनं तर काहीच बोलायचं नाही, शिट्टी वाजवायची.

स्पर्धेचा पहिला नियम गजूभाऊ स्वतः माईकवर वाचतात. "खेळात राजकारण आणाचं नाही! जर्सीवर नाही, झेंड्यावर नाही, तोंडावर नाही!" हे ते ज्या बॅनरखाली उभे राहून सांगतात, त्यावर पुढाऱ्यांचे फोटो दाटीवाटीनं बसलेले असतात. एका वर्षी फ्लेक्सवाल्यानं विचारलं, "भाऊ, चेंडू कुठं टाकू? जागाच नाही."

"राहू दे," गजूभाऊ म्हणाले. "मैदानात हायेच एक!"

*

त्या बॅनरच्या मधोमध असतात ते साहेब. नाव सांगत नाही. ते सध्या निवडून आलेले आहेत की पडलेले, हे दर निवडणुकीला बदलतं. साहेब मात्र साहेबच राहतात.

उद्घाटनाची किक त्यांची. पद्धत ठरलेली आहे. पेनल्टीच्या जागेवर चेंडू ठेवायचा, साहेब उजवीकडे मारणार, गोलकीपरनं डावीकडे पडायचं. डावं-उजवं दोन्ही साहेबांच्या बाजूनं मोजायचं. टाळ्या, फोटो, भाषण, मग मॅच.

एका वर्षी चिखल फार होता. साहेबांनी पाय उचलला, जोरात मारला. चेंडू जागचा हलला नाही. चप्पल मात्र सुटली ती थेट गोलात! गोलकीपर बिचारा सांगितल्याप्रमाणे डावीकडे पडून मोकळा झाला होता. सलीमभाईंचं लक्ष कॅमेऱ्याकडे. ते ओरडले, "और ये गोऽऽऽल!"

मी गजूभाऊंकडे पाहिलं. गजूभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझा बदलीचा आदेशच दिसला. मी शिट्टी मारली. गोल!

चपलेचा गोल मान्य करणारा दुसरा रेफरी कुणाला माहीत असेल तर सांगा.

*

झरी जामणीच्या जंगलातली एक टीम आमच्याकडे दरवर्षी येते. कोलाम आदिवासींची पोरं. त्यांच्या वस्तीला पोड म्हणतात. ते पोड आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये एक नाला आहे आणि नाल्यावर पूल नाही. पाऊस लागला की पोड पलीकडे आणि बाकी जग अलीकडे. या टीमचा कॅप्टन आणि गोलकीपर सोमा टेकाम. बोलणं कमी, हात लांब.

एकदा सेमीफायनलच्या दिवशीच नाला चढला. नियमाप्रमाणे मी वाट पाहिली आणि समोरच्या टीमला वॉकओव्हर दिला. मागाहून कळलं, त्याच पाण्यामुळे सोमाची आई अडकली होती. तिला साप चावला होता आणि नाला उतरेपर्यंत तिला काठावर बसवून ठेवावं लागलं. जीव वाचला, पायाची दोन बोटं गेली. मला वाईट वाटलं, संतापही आला. दोन्ही सोबत घेऊन मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन बसलो.

आणि त्या पुलाचं आश्वासन साहेबांनी आमच्याच मैदानावर दिलं होतं. दरवर्षी देत होते. किक झाली की पूल!

पुढच्या वर्षी पोरांनी निषेध करायचं ठरवलं. परदेशातले खेळाडू मॅचआधी एक गुडघा टेकून बसतात, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. साहेब स्टेजवर उभे राहिले तशी सगळी टीम त्यांच्यासमोर एका गुडघ्यावर बसली.

गजूभाऊ घाबरले. "विनूभाऊ, याइले काय झालं? सगळ्याइच्या लेस एकदमच सुटल्या काय?"

"निषेध आहे," मी म्हणालो.

"हळू बोला! साहेब पाहून राह्यले!"

साहेब पाहतच होते. पाहता पाहता त्यांचा चेहरा खुलला. ते स्टेजच्या टोकाशी आले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. "उठा, उठा! एवढं पाया पडाची गरज नाही. मी तुमचाच आहे!"

*

त्याच्या पुढच्या वर्षी पोरं दंडाला काळ्या पट्ट्या बांधून आली. फाटक्या छत्रीचं कापड होतं, पण बांधलं होतं नीट. साहेबांनी पट्ट्या पाहिल्या आणि पीएला कानात विचारलं, "कोण गेलं?"

पीएला 'माहीत नाही' म्हणायची सवय नाही. तो म्हणाला, "त्याइच्यातले एक बुजुर्ग."

साहेबांनी माईक घेतला. दिवंगत आत्म्यास श्रद्धांजली, दोन मिनिटं स्तब्धता, सगळं मैदान उभं! मीही उभा. मग त्यांनी सोमाला जवळ बोलावून खांद्यावर हात ठेवला. "कशानं गेले रे?"

सोमानं ही संधी सोडली नाही. "साहेब, नाल्यावर पूल नाही."

"अरेरे!" साहेब खरंच हळहळले. "ऐका! त्यांच्या स्मरणार्थ त्या नाल्यावर पूल बांधण्यात येईल!" टाळ्यांचा कडकडाट. इतकं पक्कं आश्वासन आजवर कधी मिळालं नव्हतं.

दिवाळीनंतर सोमा पुलाची चौकशी करायला गेला, तर पीए म्हणाला, "मयताचं नाव सांग. त्याबिगर फाइल पुढं जात नाही."

पोडात बैठक बसली. मेलेलं कुणी नव्हतं, आता आणायचं कुठून? शेवटी सोमाचा आजा कोपऱ्यातून म्हणाला, "माहं नाव दे. पूल होयेपर्यंत मी काई राह्यत नाही!"

*

एक छोटा किस्सा. टीमच्या फोटोला पोरांनी तोंडावर हात ठेवला. आम्हाला बोलू देत नाहीत, असा त्याचा अर्थ. हेही बाहेरच्या मोठ्या खेळाडूंचंच पाहून.

फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला. "जा बे, आधी तो तंबाखूचा खर्रा थुकून या!"

*

मग सोमा म्हणाला, आता असं काही करू की कुणाचा गैरसमज होणारच नाही. साहेब भाषणाला उभे राहिले की सगळ्यांनी पाठ फिरवायची. पाठ म्हणजे पाठ. तिचा दुसरा काय अर्थ होणार?

साहेब उभे राहिले. अकरा पोरांनी शिस्तीत पाठ फिरवली. मी मनात म्हटलं, आज जमलं!

फक्त एक गोष्ट सगळ्यांच्या ध्यानातून गेली होती. त्या वर्षीच्या जर्सी साहेबांनी दिल्या होत्या. पुढे टीमचं नाव आणि मागे, भल्यामोठ्या अक्षरात, साहेबांचं. आपल्याच पाठीवरचं कोण वाचतं?

साहेबांना ओळीनं अकरा वेळा स्वतःचं नाव दिसलं. ते भाषण थांबवून पाहत राहिले. मग फोटोग्राफरला म्हणाले, "घे, घे! काय पोरं आहेत!" तो फोटो वर्षभर त्यांच्या मोबाइलवर होता.

*

सोमाचं नशीब मात्र या सगळ्यात उघडलं. कुणीतरी त्याचा खेळ पाहिला, कुणाला तरी सांगितलं, आणि बाहेरच्या एका व्यावसायिक क्लबनं त्याला घेतलं. करार एका वर्षाचा. नीट वागला तर पुढचं वर्ष, नाही तर घर. आईचं औषधपाणी आणि धाकट्या बहिणीचं शिक्षण, सगळं त्या करारावर.

पावसाळ्यात तो दोन दिवस घरी आला आणि त्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ टाकला. नाल्यात कमरेएवढ्या पाण्यात उभा, डोक्यावर बूट, अंगात क्लबची जर्सी. तोंडातून एक शब्द नाही. संध्याकाळच्या आत क्लबचा फोन. हे राजकारण आहे, ताबडतोब काढ, पुन्हा असं झालं तर करार संपला. त्यानं काढला.

दुसऱ्या दिवशी तो मला चहाच्या टपरीवर भेटला. सलीमभाईही होते. सोमा कप खाली ठेवून म्हणाला, "सर, म्या पार्टीचं नाव नाही घेतलं. साहेबाचं नाही घेतलं. नुसता नाला दाखवला. मले सांगा, नाला कोणत्या पार्टीचा हाय?"

सलीमभाई म्हणाले, "बेटा, बडा प्लेयर बोले तो स्टेटमेंट, अपन बोले तो फाइन!"

सोमा माझ्याकडेच पाहत होता. पंधरा-वीस वर्षं नोकरीत मुरलेला माणूस मी. तोंडातून आपोआप निघालं, "बघून कळवतो."

हसला बिचारा. मी चहाचे पैसे देऊन ऑफिस गाठलं.

*

यंदा तो सुटीवर आला आणि नेमकी आमची स्पर्धा होती. पुढच्या वर्षाचा करार अजून व्हायचा होता. गजूभाऊंच्या डोक्यात कल्पना आली की साहेबांच्या किकला आपला सोमाच गोलात पाहिजे. केवढा मान! त्यांनी त्याला बाजूला घेऊन समजावलं, "हे पाह्य, काळी पट्टी नाही, गुडघा नाही, पाठ नाही. साहेब उजव्या हाताले मारतात, तू त्याइच्या डाव्या हाताले पडजो. बस!"

"बरं," सोमा म्हणाला. तो सकाळीच नाला ओलांडून आला होता. पँट अजून मांडीपर्यंत ओली होती.

साहेबांनी या वेळी बूट घातले होते. मी शिट्टी दिली. साहेबांनी उजवीकडे मारला. सोमाही त्याच बाजूला गेला आणि त्यानं चेंडू छातीशी धरला.

सलीमभाईंचं "और ये गो..." तिथंच राहिलं.

सोमानं चेंडूचा चिखल स्वतःच्या शर्टाला पुसला, चालत आला, चेंडू जागेवर ठेवला. "मारा साहेब."

साहेब हसले. सगळे हसले. गजूभाऊ माईकवर म्हणाले, फोटो नीट आला नाही, परत होऊ द्या. दुसरी किक. सोमानं तीही धरली. पुन्हा चेंडू पुसला, पुन्हा ठेवला. "मारा साहेब."

आता हसणारे साहेब एकटेच होते. मग तेही थांबले. त्यांनी जाकीट काढून पीएकडे दिलं, चार पावलं मागे गेले आणि मनापासून मारला. खरं सांगतो, किक चांगली होती. कोपऱ्यात चालली होती. सोमानं अंग झोकून दिलं आणि बोटांच्या टोकानं चेंडू बाहेर काढला. चिखलातून उठला, चेंडू आणायला गेला.

साहेब धापा टाकत होते. "अरे, कोणत्या गावचा तू?"

"नाल्यापलीकडचा, साहेब," सोमा म्हणाला आणि चेंडू जागेवर ठेवू लागला.

पीए माझ्यावर धावून आला. "कीपर आधीच हलला! परत द्या किक!"

मी जाऊन सोमाचा बूट पाहिला. टाचेला रेषेचा ताजा चुना लागला होता. "पाय रेषेवर होता," मी म्हणालो. "किक झाली."

"मंग उद्घाटन?"

"उद्घाटन झालं. गोल नाही झाला."

तो जवळ सरकला. "विनूभाऊ, झरीले एक जागा रिकामी हाय बरं."

"नाल्याच्या अलीकडं की पलीकडं?" मी विचारलं आणि मॅचची शिट्टी मारली.

स्पर्धा संपली त्या संध्याकाळी आम्ही जाळी गुंडाळत होतो. एक टोक माझ्याकडे, दुसरं सोमाकडे. कुणीतरी किकचा व्हिडिओ टाकला होता आणि तो भलताच फिरत होता. माझा फोन वाजला. सोमाच्या क्लबचे मॅनेजर होते. मी स्पीकर लावला. सोमाचे हात थांबले.

"रेफरी तुम्हीच ना? आम्हाला रिपोर्ट हवाय. त्यानं काही घोषणा दिली?"

"नाही."

"दंडावर पट्टी? शर्टवर काही लिहिलेलं? हातवारे?"

"नाही."

"त्या साहेबांना काही बोलला?"

"'मारा साहेब' म्हणाला."

"मग त्यानं केलं तरी काय?"

"चेंडू अडवला."

"पण ते तर त्याचं कामच आहे."

"हो सर."

"एवढंच?"

"एवढंच," मी म्हणालो. "तीन वेळा."