कानातली परकी बाई

नव्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा वास आला की पाचाडच्या घराची ओसरी आठवते. आईला ऐकू येईनासे झाले होते. मी ऑनलाइन मागवलेले श्रवणयंत्र कानात घालून ती माझ्या आवाजाची वाट पाहत बसली होती. आतून शिजत्या भाताची ऊब येत होती. यंत्र चालवणारे फोनवरचे अ‍ॅप पुन्हा पुन्हा अडले, अखेर यंत्राशी जुळले, आणि आई दचकली. “कोन गो ही बाय? सवलत हाय, सवलत हाय करत्ये. तिला गप कर नि तू बोल.” ती जाहिरात थांबेना, म्हणून मी अ‍ॅपच बंद केले, तर यंत्रही मुके झाले. अजूनही मी तिच्या कानाशी ओठ नेऊन ओरडते. माझा घसा बसला की ती मान डोलावते, “कळला गो, कळला.” कळलेले नसते.