भिंतीवरचा बाप

सत्यवान चितारी जन्मभर सावंतवाडीत लाकडी खेळण्यांवर रंग चढवत आला. अडुसष्ट साली त्याला कणकवलीच्या बाजारातल्या भिंतीवर 'सुखी कुटुंब' रंगवायचं सरकारी काम मिळालं. त्याने आई काढली, दोन मुलं काढली आणि ब्रश धुऊन टाकले.

साहेब खवळले. "अहो, बाप कुठाय?"

"मुंबयक," सत्यवान म्हणाला. "गणपतीक येतलो."

साहेबांनी बाप काढायला लावलाच. सत्यवानने धुसफुसत काढला. हातात ट्रंक, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर.

बाजाराला आलेल्या बायका भिंतीसमोर थबकल्या. एकीने विचारलं, "मेस्त्रीनू, ह्यो येता काय जाता?"

सत्यवान तिच्यावर खेकसला, "भिंतीर तरी रवांदे गो तेका घरात!"