काकांच्या मंगलाष्टकांची सीडी

लग्नाची कॅसेट कोणी आपणहून बघत नाही. पाहुण्यांना बघायला लावतात, एवढंच. आमच्या लग्नाचीही तशीच हैदराबादेत गौलीगुड्याला माझ्या माहेरी, लोखंडी कपाटात डांबराच्या गोळ्यांशेजारी पडून होती. काका गेले आणि काकूला तिची आठवण झाली.

माझे काका कोर्टात नोकरीला होते आणि बोलताना अडखळायचे. ओठ हलायचे, मान हलायची, शब्द मात्र सावकाश मागून यायचा. भाजीवाला वाट बघून कंटाळायचा आणि ‘भेंडी’ बाहेर पडायच्या आत वांगी तोलून मोकळा व्हायचा. काका ती निमूट घरी आणायचे आणि काकू वांगी करकरून वैतागायची. पण गाताना? अडखळण्याचं नाव नको! आमच्या हैदराबादी मराठी गोतावळ्यात मुहूर्त निघाला की आधी काकांना सांगून ठेवायचे, मग हॉलवाल्याला. मंगलाष्टकं म्हणायला उभे राहिले की एक अक्षर अडायचं नाही. आणि त्यांचा आवाज आता उरला होता तो फक्त माझ्या लग्नाच्या कॅसेटमध्ये.

“एकदा ऐकव गं मला,” काकू म्हणाली. बास, एवढंच मागणं. पण माहेरचा व्हीसीआर केव्हाच भंगारात गेलेला आणि कॅसेट उघडून बघितली तर फितीवर पांढरी बुरशी.

माझा नवरा पुण्याचा, त्यात सॉफ्टवेअरवाला. म्हणजे ‘मला येत नाही’ हे वाक्य दोन्हीकडून बाद. “त्यात काय? घरच्या घरी व्हीसीडी करू,” म्हणाला. ऑफिसातल्या कोणाचा तरी व्हीसीआर मागून आणला, कॉम्प्युटरच्या पोटात एक कार्ड बसवलं, आणि आमच्या घरात शांतता म्हणून राहिली नाही.

“अहो, गाण्यांची सीडी करता तशीच ना ही?”

“नाही गं. आधी एन्कोड करावं लागतं.”

“एन्कोड म्हणजे? नुसती फाइल टाकली तर नाही चालत?”

यावर तो माझ्याकडे असा बघायचा, जणू मी दुधात मीठ टाकलंय. मी नारायणगुड्याच्या शाळेत शिकवते, असले प्रश्न विचारणाऱ्या पोरांना मी शाबासकी देते! आणि स्वारी स्वतः काय करत होती? इंटरनेटवर अनोळखी लोकांना हेच प्रश्न विचारत होती. मागे उभी राहून वाचलं ना मी.

एन्कोडिंग चालू असलं की मिक्सर लावायचा नाही, व्होल्टेज पडेल. माउसला हात लावायचा नाही. जोरात चालायचंसुद्धा नाही. एवढं सोवळं आमच्या देवांनाही कधी मिळालं नव्हतं. तरी सीडी बिघडायची ती बिघडायचीच. कधी चित्र हिरवं, कधी अर्ध्यातच खेळ खलास. बिघडलेल्या सीड्या माझ्या आईनं मागून नेल्या आणि कबुतरं हाकलायला गॅलरीत टांगल्या. त्या कामाला मात्र सगळ्या चालल्या.

शेवटी एकदाची जमली. कॉम्प्युटरवर सुरुवात लावून बघितली, चित्र छान, आवाज छान. नवरा खूश. त्या खुशीत त्यानं कॅसेट उलटी फिरवायला लावली आणि बुरशीनं चिकटलेली फीत कट्‌कन तुटून व्हीसीआरच्या दातांत गुंतली. “जाऊ दे, आता सीडी आहे ना!” म्हणाला, आणि जागा अडवते म्हणून कॉम्प्युटरमधली ती भली मोठी फाइलही पुसायला निघाला. “नक्को, राहू द्या दोन दिवस,” मी ओरडेपर्यंत पुसून झाली. म्हणजे काकांचा आवाज आता त्या एका सीडीवर, बाकी कुठेही नाही.

रविवारी माहेरी गेलो. आईनं दारातच जावयाच्या हातातून सीडी घेतली, आत नेली, थोड्या वेळानं आणून दिली. काकू कडक इस्त्रीची साडी नेसून टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसली होती. सीडी आत गेली. प्लेअर घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. आणि पडद्यावर इंग्रजीत आलं, आत डिस्कच नाही.

नवरा, पाल की एनटीएससी, फॉरमॅट चुकला, प्लेअर जुना, काय काय पुटपुटत होता. माझं डोकं फिरलं. “कॅसेट तोडलीत, फाइल पुसलीत, आता काय काकांना वरून बोलावणार आहात?”

“राहू दे गं. नसेल नशिबात,” काकू म्हणाली आणि पदर सावरत उठायला लागली. मला रडूच फुटलं. ती सीडी नवऱ्याच्या डोक्यात घालावी म्हणून बाहेर ओढली, आणि बघते तर काय, चकचकीत बाजूवर ओल्या कुंकवाचं भलं मोठं स्वस्तिक! कडेला एक अक्षतही चिकटलेली.

“आई!!”

“अगं, नवी वस्तू. कुकरला लावलं, स्कूटरला लावलं, मग हिनं काय पाप केलं?”

“पण ह्या बाजूला?”

“त्या बाजूला अक्षरं छापलीत. अक्षरांवर कुंकू लावू? सरस्वती असते ती.”

जावयानं चष्म्याचं फडकं काढलं आणि बाळाचं तोंड पुसावं तशी ती सीडी पुसली. मी देवाचं नाव घेतलं, तो कुठल्या कंपनीचं घेत होता कोण जाणे.

लागली! मांडव, माझ्या नाकातला नथीचा मोठा आकडा, बँडवाले, सगळं आलं. मग अंतरपाटामागे काका. आणि त्यांनी ‘आ’ केला, पण आवाज नाही. क्षणभरानं आला, स्वच्छ, भरघोस. पुढच्या ओळीलाही तेच. आधी ओठ हलत होते, गाणं मागून येत होतं.

नवऱ्यानं कपाळावर हात मारला. “आवाज मागे पडत गेलाय. सुरुवातीला नव्हता हो. काकू, माफ करा, आता दुरुस्तही करता येणार नाही.”

“अहो, एकदा शेवटपर्यंत बघायला काय झालं होतं!” मी त्याच्या अंगावर धावून गेले.

“गप्प बसा दोघंही,” काकू म्हणाली. तिची नजर पडद्यावरच होती, डोळे वाहत होते आणि ती चक्क हसत होती. “घरात असेच तर बोलायचे. आधी ओठ, मग शब्द. न अडखळता गायचे ते तुम्हा सगळ्यांचे. हे माझे आहेत.”

मग डोळे न पुसताच जावयाला म्हणाली, “पहिल्यापासून लावा परत.”