कुठल्या डोळ्यावर छाटायचं

तासगाव सोडलं त्या दिवशी एसटीत माझी बॅग माझ्या मांडीवर होती आणि अण्णांच्या मांडीवर द्राक्षाच्या काड्यांची जुडी. नव्वद सालचा सप्टेंबर, छाटणी तोंडावर आलेली. सांगलीपर्यंत आम्हा बापलेकींची एकच गाडी. पुढे मी मुंबईला संशोधनाच्या नोकरीवर, अण्णा काड्या तपासायला. गावात राहिलेल्या तुम्हाला हे सांगायला नको, पण माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांच्या पोरांना ठाऊक नसतं. पुढचा घड छाटणीआधीच काडीवरच्या एखाद्या डोळ्यात, म्हणजे न फुटलेल्या कोंबात, बारीक होऊन बसलेला असतो. डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली, आमच्याकडच्या भाषेत दुर्बिणीखाली, धरला की दिसतो, आणि कितव्या डोळ्यात आहे ते कळलं की त्याच्या पुढे कात्री लावायची.

स्टँडवर आई म्हणाली होती, "लोकांचं रक्त बगायला एवड्या लांब कशाला जायाचं?" मी फणकाऱ्यानं तोंड फिरवून गाडीत चढले. अण्णांना मात्र सगळं जाणून घ्यायचं होतं. मी सांगितलं, प्रत्येक पेशीत जीन तीच असतात, पण काही जागी, काही झोपलेली. रक्ताच्या कॅन्सरात कुठली जागी आहेत ते पाहून रोगी वाचेल का याचा अंदाज येतो का, ते आम्ही शोधणार.

अण्णा काडीवर बोट फिरवत म्हणाले, "म्हंजे काडी तीच, डोळा कंचा त्येवडं बगायचं. व्हय, पन जो डोळा चिरला त्येचं काय?"

"काय?"

"त्येला घड लागत न्हाई गं. त्यो बाकीच्यांसाठी गेला."

सांगली आली आणि अण्णा जुडी सावरत उतरले.

मुंबईत मी नाजूकपणा शिकले. घरी ओल्या पोत्यात गुंडाळलेली काडी दोन दिवस टिकायची. इथं सॅम्पल बर्फाबाहेर जरा राहिलं की वाया. हातमोजे, सॅम्पल ज्यातून सरकवायचं तो जेलीसारखा थर, मग डार्करूममध्ये एक्स-रे फिल्म. जीन जागं असेल तर फिल्मवर काळा पट्टा उमटायचा. पहिल्यांदा उमटला तेव्हा मी एकटीच हसले. फ्रीजरमधल्या रक्ताच्या नळ्यांवर रोग्यांची नावं नसत, नुसते नंबर, आणि त्यातल्या बऱ्याच माणसांचं काय झालं ते वहीत आधीच लिहिलेलं असे.

सुट्टीत घरी गेलं की शेजारपाजारचे लग्नाचं विचारायचे. अण्णा पाण्याचा तांब्याही पुढे करायच्या आधी दारातच विचारायचे, "काय दिसलं?" मग मी चप्पल न काढता सांगत बसे आणि आई आतून ओरडे, "आवं, पोरीला पानी तर पिऊ द्या!"

चौथ्या वर्षी अण्णांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, दंडावर निळे डाग उठले. सांगलीच्या डॉक्टरांनी रिपोर्टवर रोगाचं जे नाव लिहिलं ते मी रोज लिहीत होते. त्यांना मुंबईत आणलं. संशोधनासाठी थोडं सॅम्पल घेऊ का, असं विचारेपर्यंत अण्णांनी सहीसुद्धा केली होती. मला म्हणाले, "माजा डोळा तूच चीर."

मी हातमोजे काढून ठेवले. लॅबमधल्या सोबतच्या मुलीनं ते काम केलं. नळीवर नंबरच होता, पण त्या आठवड्यात नवी नळी एकच होती. फिल्म ओली असतानाच मला पट्टा दिसला, गडद. पेशीत गेलेलं औषध परत बाहेर फेकणारं जीन अण्णांच्या रक्तात टक्क जागं होतं. असा पट्टा असलेल्या बहुतेकांच्या पुढे वहीत काय लिहिलेलं असे, ते मला पाठ होतं. खोटं बोलायचं ठरवूनच मी वॉर्डात गेले.

"काय दिसलं?"

त्या प्रश्नाला मी कधी खोटं उत्तर दिलं नव्हतं. "औषध लागू पडंल असं दिसत न्हाई, अण्णा," म्हणाले आणि रडले. चार वर्षांत पहिल्यांदा तोंडातून गावची भाषा आली.

अण्णांनी उशी सरकवून पाठ टेकली. मग म्हणाले, "बरं. मग छाटायचं कुटं?"

"त्ये अजून आमास्नी कळत न्हाई."

"मग नुसतं घड न्हाई म्हनून काय उपेग? कुटं कापायचं ते कळाया बगायचं असतंय." माझा हात थोपटला. "आदी आमीबी अंदाजानंच छाटत हुतो. दुर्बीन मागनं आली. तुमची कात्रीबी यील मागनं. तू बगत ऱ्हा."

छाटणीच्या आत अण्णा गेले. त्या वर्षी काड्या सांगलीला भावानं नेल्या.

त्यांची नळी अजून आमच्या फ्रीजरमध्ये आहे. तिच्यातला थेंब थेंब आम्ही पुरवून वापरतो, बाकीच्यांसाठी. कात्री अजून सापडलेली नाही, पण कुठं शोधायची याचा थोडा अंदाज येऊ लागलाय, आणि तो सांगायला मी घाईघाईनं घरी जाते. घर तेच आहे, बाग भावानं चांगली राखलीय. दारात पोहोचले की वहिनी लगबगीनं तांब्या घेऊन येते.

आता मला आधी पाणी मिळतं.