पोटाशी धरलेला कॅमेरा

एश्बॉर्नच्या स्टेशनवर तो जपानी म्हातारा रोज सकाळी दिसायचा. कॅमेरा पोटाशी, नजर भलतीकडेच आणि बोट मात्र बटणावर. मला तो पहिल्या दिवसापासून खटकला. फोटो काढायचाय तर डोळ्याला लावून काढ की! जर्मनीत न विचारता कुणाचा फोटो काढत नाहीत, हे याला कुणी सांगितलंच नाही?

"अगं, एकटा असेल बिचारा," सासूबाई म्हणाल्या. त्या पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या, आणि त्यांना सगळेच बिचारे वाटतात.

परवा सासूबाई, लेक आणि मी गाडीची वाट बघत असताना त्याचा कॅमेरा आमच्याकडे वळला. मी झटकन पर्स लेकीच्या चेहऱ्यासमोर धरली आणि मग तडक जाऊन जर्मनमध्ये विचारलं, "काय काढलंत? दाखवा."

तो कमरेतून वाकला आणि त्याने स्क्रीन पुढे केली. आधीचे फोटो त्याच्या टोकियोचे होते. उभ्याउभ्या डुलक्या घेणारा कारकून, छत्री झटकणारी बाई. कुणाला कशाचा पत्ताच नव्हता. शेवटचा फोटो आमचा. लेक पर्सआड, आणि माझे डोळे थेट कॅमेऱ्यावर वटारलेले.

"तिकडे माझ्याकडे कुणी बघायचं नाही," तो अडखळत म्हणाला. "इथे तुम्ही रोज बघता. पुसून टाकू?"

त्याचं बोट स्क्रीनवरच्या कचरापेटीच्या खुणेवर होतं. मी मान डोलावणार, तेवढ्यात सासूबाई चष्मा सावरत स्क्रीनवर वाकल्या.

"राहू दे गं. लग्न होऊन आलीस तेव्हा माझ्याकडे अश्शीच बघायचीस."