दुसरी टॉवेल-टोपी

शिरड शहापूरच्या थांब्यावर पुण्याची बस लागली, तेव्हा आईने माझी बॅग खिडकीतून सीटवर टाकली आणि बजावलं, "तिकडं एकाच माणसाच्या भरवशावर राहू नको." मी ते जरा जास्तच मनावर घेतलं.

आज पुण्यात एका फ्लॅटमध्ये आम्ही तिघं राहतो. मी, माझा नवरा समीर आणि अनिकेत. अनिकेतवर माझं प्रेम आहे. समीरला ते पहिल्यापासून माहीत आहे आणि मान्य आहे. अनिकेतचीही समीरच्या हातची वांग्याची भाजी सोडली तर कसलीच तक्रार नाही.

गावात राहिलेल्या तुम्हाला पुणे फार मोकळं वाटतं. ऑफिसातल्या मैत्रिणी आमच्या घराला इंग्रजी नाव देतात, कौतुक करतात आणि हळदीकुंकवाला बोलवायला विसरतात. सोसायटीच्या फॉर्मवर अनिकेतपुढे नात्याचा रकाना होता. सेक्रेटरी माझ्या पेनाकडे टक लावून बसले होते. मी 'दीर' लिहिलं आणि पुढे आईलाही तेच सांगितलं, समीरचा लांबचा भाऊ म्हणून. आपल्या गल्लीत मात्र एकाच नवऱ्याच्या थोरली आणि धाकटी अशा दोन बायका होत्या. लग्नाच्या आहेरात त्या घरी दोन लुगडी जायची आणि कोणाला काही वाटायचं नाही.

मागच्या वर्षी आई महिनाभर राहायला आली आणि अनिकेतवर खूश झाली. "पोरगं गुणाचं हाय. भाकर हातावर थापतं. ह्याला काहून बिनलग्नाचं ठेवलं तुमी?" आठवड्यात तिने फोनवरूनच आमच्या भागातल्या कनेरगाव नाका गावची मुलगी शोधली. डी.एड. झालेली, घरची शेती. मुलीचे वडील आणि मामा रविवारी बघायला येणार होते. अनिकेतला चहाचा ठसका लागला. समीर म्हणाला, "स्थळ चांगलं आहे." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून गॅलरीत गेला.

आता मुलीची माणसं तिकिटं काढणार होती. गप्प बसले तर कोणाच्या तरी लेकीची फसवणूक, आणि बोलले तर माझी आई मला दुरावणार. शुक्रवारी दुपारी मेथी निवडताना मी सगळं सांगून टाकलं.

आईने जुडी संपवली. मग विचारलं, "जावईबापूला ठावं हाय?"

"हो."

"त्यांनी व्हय म्हणलं?"

"तिघांनीही."

तिने देठं गोळा करून कागदात गुंडाळली. "माझ्या मावशीवर सवत आणली, तवा मावशीला कुणी इचारलं न्हवतं. त्या लग्नातल्या पोळ्या तिनंच लाटल्या." मग कनेरगावला फोन लावून म्हणाली, पोराचं आधीच जमलेलं हाय, आमाला आत्ता कळलं, माफी करा. फोन ठेवून मला म्हणाली, "मला हे पटलं न्हाई. समजलं का?"

दुसऱ्या दिवशी ती गावी गेली. दोन महिने फोन नाही. मी रोज रडले. समीर आणि अनिकेत आळीपाळीने समजूत काढायचे, तेवढा एक फायदा.

दिवाळीच्या तोंडावर फोन आला. "तिघं या."

पाडव्याला आईने दोन पाट मांडले. दोघांना टिळा, दोघांना टॉवेल-टोपी. शेजारच्या काकूंनी टोकलंच, "मान तर जावयाचा. दोघांला काहून?"

"दीर हाय तिचा," आई ठसक्यात म्हणाली आणि आत गेली.

माझ्यासारखे बाहेर पडलेले घराला काय म्हणतात, मला माहीत नाही. घर कुठलं विचारलं की मी अजून शिरड शहापूरच सांगते. तिथं आई माझ्यासाठी अख्ख्या गावाशी खोटं बोलते, आणि मग चुलीपुढं बसून, माझ्याकडे न बघता म्हणते, "टोपी दिराची म्हून न्हाई दिली. ध्यानात ठेव."